एकाच क्रमांकाच्या दोन आजीबाई

परमादरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठ भूषविणारे सन्माननीय अतिथी, आज सेवानिवृत्त होणारे आमच्या पक्षी-अभ्यास केंद्राचे प्रमुख सर, पहिल्या रांगेत विराजमान वहिनीसाहेब, आणि चहा केव्हा येणार या एकाच चिंतनात लीन झालेल्या सज्जनहो,

सरांचे गुणगान करण्याचे दायित्व मजवर, म्हणजे त्यांच्या सहायकावर, सोपवले गेले. ही त्यांनी मला दिलेली अखेरची शिक्षा समजतो. पक्ष्याला जाळ्यात अलगद धरायचे, पायात क्रमांक कोरलेली कडी चढवायची, सोडून द्यायचे आणि तो पुन्हा सापडेपर्यंत वाट पाहायची, हे आमचे शास्त्र. वाट पाहण्यात सरांचा हात धरणारा कोणी नाही, असे मानपत्रात लिहिले आहे. त्या मानपत्राची नायिका म्हणजे आजीबाई: दर हिवाळ्यात आमच्याच चिखलपट्टीवर परतणारी मूठभर आकाराची तुतवार पक्षीण. तिच्या दीर्घायुष्यावर सरांची कीर्ती उभी आहे.

आता माझा स्वभाव संशयी. पत्नी त्याला व्याधी म्हणते. एका हिवाळ्यात आजीबाई आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात आल्या, त्याही सर जाळ्यापाशी एकटे असताना. खाऱ्या पाण्याने आणि वाळूने पुसट झालेले कडीवरचे अंक मात्र आता लख्ख!

"सर, कडी नवी वाटतेय?"

"घासली रे जरा."

घासल्याने झिजलेले अंक पुन्हा उगवतात, हा पदार्थविज्ञानातील अभिनव सिद्धांत मी मुकाट गिळला. तेव्हापासून आजीबाईंना स्पर्श करण्याचा अधिकार एकट्या सरांचा. "तिला माझ्याच हाताची सवय आहे," असे ते म्हणत. परवाच त्यांनी तिला शेवटचे धरले, छायाचित्र काढवून घेतले आणि सोडले.

आणि आज सकाळी आमचे जाळेवाले काका ओरडले, "साहेब, आजीबाई!"

मी भिंग लावले. क्रमांक तोच, पण अंक झिजलेले, कडी कडेने पातळ झालेली.

"काका, मग परवा सरांनी सोडली ती कोण?"

"हिची जाऊबाई असेल! मला काय विचारता? सरांना विचारा."

तेच करतो आहे. एक क्रमांक जगात एकाच पक्ष्याला मिळतो. दोघींकडे आढळला, तर एक कडी बनावट नव्हे काय?

काय म्हणालात, वहिनी? "मी तेव्हाच सांगितलं होतं ह्यांना, मेली असेल तर मेली म्हणा!" आभारी आहे. ध्वनिवर्धकाविनाही सभागृहाला ऐकू गेले.

सर, मान खाली घालू नका. आजीबाईंच्या वयाचा आपला दावा खराच निघाला. त्या हयात आहेत. आम्हाला वाट पाहायला शिकवणाऱ्या आपल्याला आणखी थोडा धीर धरवला नाही, एवढेच. परंतु आपली बनावट कडी घालून एक निरपराध तुतवार भलत्याच म्हातारीचे वय मिरवीत हिंडते आहे. ती जिथे सापडेल, तिथला अभ्यासक फसेल.

म्हणून अध्यक्ष महोदय, मानपत्र तूर्त घडी करून ठेवावे आणि हा निरोप समारंभ स्थगित करावा, अशी सविनय सूचना मांडतो. चहा स्थगित नाही. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलेत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, तर ते पोटात घालावे.

सर, पक्कड तेल देऊन ठेवली आहे. उद्या ओहोटीला जाळे लावू. ती कडी आपल्याच हाताने निघाली, की मग आपल्याला निरोप.