हेन्द्रेची नेल

डॉल्गेली गावाच्या बसथांब्यावर वृद्ध मेरेरिद बसल्या होत्या. शेजारी बसलेले गेथिन आणि त्याची भाची लोवरी हे दोघे थडग्याची शिळा कोरणाऱ्याकडे निघाले होते. लोवरीची आई नुकतीच निवर्तली होती. त्यांचे बोलणे मेरेरिदांच्या कानी अनायास पडत होते.

“मामा, माझं ठरलंय. आईच्या नावाखाली ‘केल्टांची लेक’ कोरायचं.”

“अगं, तुझ्या आईनं जन्मात स्वतःला केल्ट म्हटलं होतं का?”

“पण आपण आहोतच ना केल्ट?”

“आहोत की! ग्रीकांनी समुद्रापलीकडच्या भलत्याच लोकांना तसं म्हटलं, पंडितांनी ते आपल्याला चिकटवलं, आता पर्यटकांना अंगठ्या विकणारेही म्हणतात.”

“त्या शब्दात आपले भाऊबंद आयरिश येतात, ब्रेतॉन येतात. समुद्रापलीकडून दारावर कांदे विकायला येणाऱ्या ब्रेतॉनला आई ‘आपलाच आहे’ म्हणून चहा पाजायची.”

“आणि तो तिला काय म्हणायचा? हेन्द्रेची नेल! सगळं गाव तेच म्हणायचं. आपल्याकडे शिळेवर माणसाच्या नावाशेजारी त्याच्या घराचं नाव असतं, पोरी.”

“घर विकलं, मामा. नव्या लोकांनी दारावरचं नावही बदललं. ‘सनी व्ह्यू’ म्हणे! हेन्द्रे हा शब्दच उच्चारवत नाही मला.”

“म्हणून एवढा मोठा शब्द पांघरतेस होय?”

लोवरीने रस्त्याकडे तोंड फिरवले.

“दारावरची पाटी लाकडाची होती, बदलली. शिळा कोण बदलणार?”

वळणावर बस दिसली. लोवरीने डोळे पुसले.

“मामा, दोन्ही कोरलं तर? जागा पुरेल?”

“आधी हेन्द्रे कोरू दे. मग उरलेल्या जागेत बसतील तेवढे केल्ट बसव.”