काळ्याने जिंकलेला डाव

पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातात दोन कार्डं होती: एक आलेलं, एक कोरं.

“जिंकलात ना? मग तोंड पाडून का उभे?”

“अगं, पण दादाने पत्रातून चाललेला बुद्धिबळाचा डाव असा मध्येच सोडलाच कसा? मी काळी मोहरी घेऊन आपला तोच जुना बचाव धरून बसलो होतो. पटावर सगळं बरोबरीत होतं.”

“कंटाळले असतील.”

“दादा? लहानपणी एकटा राजा उरला तरी हार मानायचा नाही तो.”

“बरं नसेल का त्यांना? फोन करून विचारा.”

“वाटणीच्या भांडणानंतर आम्ही कधी बोललोय का? कार्डावर नुसती खेळी लिहायची, बाकी अवाक्षर नाही.”

“मग आता काय लिहिणार?”

“तेच तर कळेना. डावच संपला.”

“नवा मांडा की.”

“मांडेन गं. पण नव्या डावात मोहरी बदलतात. पांढरी माझ्याकडे येणार.”

“मग बिघडलं काय?”

“पांढऱ्याने आधी सुरुवात करायची असते.”

“मग करा की!”

खिडकी मोकळी झाली. तो कोरं कार्ड धरून मागे वळला.

“तुम्ही व्हा पुढे,” मला म्हणाला.