दादाच्या चष्म्याचं कोटिंग

मला एक सांगा, मेलेल्या माणसाच्या चष्म्याला कोणतं कोटिंग लावतात? ज्याला त्याला विचारलं, एकानेही उत्तर दिलं नाही... मामा तर म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आता नसणारच ना, सख्खा थोरला भाऊ घरात चादरीखाली आणि मी चष्म्याच्या दुकानात स्टुलावर!

तुम्हाला सांगतो, हौस नव्हती मला. दादा कामावर कोसळला, मशीनजवळच, तोंडावर. फ्रेम शाबूत, काचा तडकल्या, माणूस गेला. सकाळी घरी आणला तर आई त्याच्याकडे बघेचना. म्हणाली, ‘हा कोण? माझ्या पोराला चष्मा आहे. चष्म्याशिवाय मी याला हलवू देणार नाही.’ दुसरीत होता तेव्हापासून नाकावर चष्मा हो त्याच्या, आंघोळीलाच काय तो काढायचा, तिथेही कधीकधी विसरायचा... सगळे आईची समजूत काढत बसले, मी फ्रेम उचलली आणि पळालो. विचार करणं आपल्याला जमत नाही, पळणं जमतं.

दुकानदार मात्र निवांत. तडकलेल्या काचेवरूनच त्याने नंबर काढला, म्हणाला, काचा तयार आहेत, तासाभरात घासून बसवतो, फक्त कोटिंग ठरवा. ओरखड्याचं घ्या म्हणे, दोन वर्षं चरा पडणार नाही. दोन वर्षं... आता याला काय सांगायचं? मग विचारतो, उन्हात फिरणं असतं का? म्हटलं, आता नाही. स्क्रीनसमोर बसणं? नाही. रात्री गाडी चालवणं? नाही हो. तर हा हसून म्हणतो, मग मजा आहे तुमच्या भावाची, नुसता आराम! आता याला काय सांगायचं? इकडे खिशात मामाचा फोन थरथरतोय, तिकडे हा काचेवर पाण्याचे थेंब टाकून दाखवतोय, बघा कसे घरंगळतात, एक टिकत नाही. मला वाटलं, हेच घ्यावं, आई वाकून रडणार त्याच्यावर... तेवढ्यात त्याने दुसरी काच दिव्यासमोर धरली. म्हणे, याच्यात चमक नाही, समोरच्याला काचेत दिवा दिसत नाही, सरळ डोळे दिसतात.

मी म्हटलं, ‘मिटलेले पण दिसतात?’

त्याचा हात तसाच राहिला. मग उठला, दुसऱ्यांची कामं बाजूला सारली आणि आमच्यासाठी तसल्याच बिनचमकीच्या काचा घासायला घेतल्या. निघताना एवढंच म्हणाला, सैल वाटला तर घेऊन या, बसवून देतो... आणि स्वतःच खाली बघत राहिला. आता त्याला तरी मी काय सांगायचं?

घरी येऊन चष्मा लावला. आई कितीतरी वेळ बघत राहिली, मग त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, ‘हं. हाच.’ आणि तेव्हा कुठे रडली.

आणि तुम्हाला सांगतो, उजवी काडी खरंच सैल होती. दुकानात परत न्यायचं तर कोणाला न्यायचं? मीच ती अंगठ्याने जराशी आत वाकवली, दादाच्या कानामागे नीट बसवली, आणि म्हटलं, उचला.