भट्टीला वैल ठेवलीया

न्हाय, तुमीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं? तुमी म्हणणार, मंगळवार पेठेत राहून परड्यात पिझ्झाची भट्टी बांधायचं डोक्यात आलंच कसं? अवो, आलं! पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यानं बांधल्याल्या कालव्यांची मापं घेतली, स्वतःच्या हातानं म्हणून एक कट्टा बांधला न्हाय, आणि रिटायर झाल्यावर आमची लेक निशिगंधा, पुण्यात दिलीया, तिनं एका हाटेलात नेलं, तितं लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा खाल्ला... कडंला करपल्याला, मधी फोड आल्याला, धुराचा वास... तुमास्नी सांगतो, मी तितंच ठरवलं. परडं हाय, माती हाय, दिवस रिकामा हाय. मला काय, नुसता एक पिझ्झा खायचा हुता.

आता परड्यात आमच्या मंडळींचं, संयोगिताचं, अळू. वारं, ऊन, भिंत सगळं बघून भट्टीला जी जागा निघाली ती नेमकी अळूची. उपटलं की! तिनं उपटल्यालं कंद तेवढं वेचून न्हाणीमागं नेऊन ठेवलं. ती अशी कामाला लागली की मला भ्या वाटतंय. रात्री ताट वाढताना म्हणती कशी, "रविवारी निशिगंधाच्या सासरची येणार हाईत, तुमीच बोलावलंय. त्यांच्या म्होरं भट्टी चालली तर ऱ्हाऊ दे. न्हाय चालली तर सोमवारी मी पहार घेतो, भट्टी फोडतो आणि अळू परत लावतो." आणि ही बाई बोलती ते करती, ह्ये सगळ्या पेठेला ठावं हाय.

मग गवंडी गाठला. अण्णासो. पन्हाळ्याकडचा माणूस, उभा जन्म गुऱ्हाळांची चुलवाणं आणि घरांघरांतल्या चुली बांधण्यात गेल्याला. त्येला मोबाईलवर व्हिडिओ दावला. सगळा बघितला, चष्मा काढून पुसला.

"सायब, ह्येच्यात शिजतंय काय?"

म्हटलं, पिझ्झा.

"किती येळ लागतोय?"

दोन मिनिटं.

"आणि लाकडं किती येळ जाळायची?"

दोन तास.

चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग लई हळू म्हणाला, "माणसं शाणीसुरती हाईत न्हवं ही?"

पर काम असं धरलं म्हणता! ओल्या वाळूचा घुमट, त्याच्यावर भिजवल्यालं पेपर, त्याच्यावर चिकणमाती, भाताचं तूस आणि गुळाचं पाणी कालवून थापायचं, वाळलं की तोंडातनं आतली वाळू उकरून काढायची. चिखल मी स्वतः तुडवला, गुडघ्यापातूर. शेजारचं हंबीरराव भिंतीवरनं डोकावून इचारत्यात, "काय, औंदा गणपती घरीच व्हय?" म्हटलं, इचारा, काय इचारायचं ते इचारा. मला नुसता एक पिझ्झा खायचा हाय.

आणि तितंच माती खाल्ली बघा. एक दिवस, फकस्त एक दिवस मी लग्नाला गेलतो. परत येतोय तर घुमट असा गुळगुळीत, देखणा... आणि बरोब्बर माथ्यावर ह्ये एवढं भोक! कळशी बसंल एवढं! म्हटलं, अण्णासो, ह्ये काय?

"वैल."

आता तुमच्यातल्या पोराटोरांस्नी वैल म्हंजे काय ठावं नसणार. चुलीला दुसरं तोंड ठेवत्यात, त्येच्याखाली येगळा जाळ घालायचा न्हाय, चुलीतलाच जाळ तिकडं जातोय आणि त्येच्यावर आमटीचं न्हायतर पाण्याचं भांडं तापतंय. चुलीला शोभा हाय ती. पर भट्टीला? अवो, आतली सगळी धग आत कोंडायची, म्हणून तर घुमट!

तर अण्णासो म्हणतोय, "सायब, चाळीस वर्षात बिनवैलीची चूल बांधल्याली न्हाय. आता ह्या वयात बांधली तर लोक नावं ठेवतील." आणि असा खूश होऊन बघाय लागला माझ्याकडं... मी त्येला चहा पाजला.

शनिवारी पेटवली. भोकातनं जाळ असा वर, आणि आत फरशी गार. पिझ्झा घातला, वीस मिनिटांनी काढला, जसा घातलता तसाच, नुसता जरा घाबरल्याला. भोकावर कौल ठेवलं, तडकलं. वीट ठेवून चिखलानं लिंपली, चिखल सुटून पिझ्झ्यात. तवा उपडा घातला, तर संयोगिता आली, "माझ्या आईचा तवा हाय त्यो," आणि चिमट्यानं उचलून घिऊन गेली. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय. खरं सांगतो, पिझ्झ्याचं सोडा, त्यो चिखल मी तुडवलता ओ. पहिल्यांदा कायतरी बांधलतं.

रविवारी दुपारी भट्टी पेटीवतोय तवर लाईट गेली आणि पाहुणं हजर. निशिगंधा धरून सहा जणं. पुण्यास्नं थेट पन्हाळ्यावर गेलती, गड फिरून लाल मातीनं माखून आलती. आमचं व्याही सयाजीराव लई मऊ बोलणार, "आधी आंघोळीला गरम पाणी मिळालं असतं तर..." गीझर बंद! संयोगितानं माझ्याकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं, आतनं तांब्याचा हंडा आणला आणि दाणकन बसवला वैलीवर. "एवढं जळतंय तर निदान पाणी तरी तापू दे."

आणि काय सांगू... हंडा असा बसला, केसभर फट न्हाय! जाळ मागं फिरला, धगीनं काजळी जळून घुमट आतनं पांढरा झाला. मी पिझ्झा सारला. दोन मिनिटं! फोड! कडंला करपल्याला! निशिगंधा टाळ्या वाजवाय लागली. मी म्हटलं, माप असं कसं जुळलं? तर आमची मंडळी पदर सावरत म्हणती, "तुमी लग्नाला गेलता तवा अण्णासोनं इचारलं, वैनी, कुठलं भांडं बसवणार? मी हंडा दावला."

जिंकलो की! पर थांबा. पाणी तापलं, हंडा उतरवला, भट्टी गार. रिकामा ठेवला तर हंडा जळणार, म्हणून पुन्हा पाणी भरा, चढवा, मग भट्टी तापणार. आणि तापल्यालं पाणी ओतून द्यायचं न्हाय, तांब्याच्या हंड्याचं पाणी वाया घालवल्यालं आमच्यात चालत न्हाय. म्हंजे एक हंडा, एक आंघोळ, दोन पिझ्झे. पहिल्या फेरीला सगळ्यांची पोटं काय भरंनात. सयाजीराव दोनदा न्हालं. इहीणबाई केस धुवून बसल्या. माझा नंबर शेवटी, आणि तवर न्हायला दुसरं कोण उरलंच न्हवतं. मी तीनदा न्हालो, पहिल्या दोन हंड्यांचं पिझ्झे पाहुण्यांच्याच ताटात, तवा कुटं एक पिझ्झा माझ्या पोटात गेला.

भट्टी ऱ्हायली. पहार माळ्यावर गेली. अळू म्हणाल तर संयोगितानं न्हाणीमागं लावलं, ते आता न्हाणीच्या पाण्यावर छातीएवढं झालंय. फकस्त एवढंच, की दर रविवारी मी टावेल खांद्यावर टाकून परड्याकडं निघालो की हंबीरराव भिंतीवरनं इचारत्यात, "काय, जेवाय व्हय?"

आणि मी व्हय म्हणतो.