चुन्याचा बाण

मला पक्षीमित्र म्हणता ना, मग हे ऐका. नव्वदच्या दशकात मी गंगापूर रोडवरची मंडळी पेठ तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर पक्षी बघायला न्यायचो. तिथले यशवंतदादा जंगल दाखवायचे, त्यांच्या घरच्या वहिनी नागलीची भाकरी वाढायच्या. पाहुण्यांच्या पैशांमुळे दोघांचं निफाडला द्राक्षाच्या कामाला जाणं सुटलं होतं.

तिथल्या आंब्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. मादी आत कोंडून बसलेली, नर बाहेरून फळं भरवायचा. दादा ते नुसत्या हनुवटीने दाखवायचे. "बोट नाय दाखवायचं साहेब, नासतं." कोवळ्या काकडीला दाखवत नाहीत ना, तसंच. पाहुण्यांना काही दिसेना. मी वैतागलो आणि खोडावर चुन्याने हा एवढा मोठा बाण काढला.

पुढच्या रविवारी झाडाखाली दोन जीपा उभ्या, अनोळखी लोक पक्षी दिसावा म्हणून टाळ्या वाजवतायत. नर लांबच्या झाडावर, चोचीत फळ धरून बसलेला. तो ढोलीकडे आलाच नाही. आठवड्याने ढोलीतला आवाज बंद झाला.

मी म्हटलं, "पण दादा, बोट तर कुणीच दाखवलं नव्हतं."

त्यांनी हनुवटीने बाणाकडे दाखवलं. "मग ते काय हाय? तुम्ही घरी गेले साहेब, तुमचं बोट इथंच राह्यलं."