हॅरिएट बोल्ट झाली त्याची गोष्ट

सन्माननीय अध्यक्ष, आपले पाद्रीसाहेब एलिस, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती हॅरिएट थॅक्रे आणि स्केल्बीच्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

हॅरिएटबाई आज पाणचक्कीतून निवृत्त होताहेत. त्यांच्याबद्दल बोलायला मलाच का उभं केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला चर्चमध्ये सोडून त्या पळाल्या, तो नवरदेव मीच. हसा, हसा. माझी बायकोसुद्धा हसतेय!

आपली इंग्रजी भाषाही काय गमतीची! घोडा उधळला की बोल्ट. लेट्यूस तुऱ्यावर गेला की बोल्ट. मी जेवताना घास न चावता गिळतो, तोही बोल्ट. आणि त्या दिवशी चर्चभर एकच कुजबुज होती, "हॅरिएट बोल्ट झाली!"

लग्नाच्या कोटातच मी शोधत निघालो. ओढ्याकाठी पाणचक्कीचं दार बंद दिसलं. मी ते ठोठावलं.

"गार्बटबाई, हॅरिएट आहे का?"

चक्कीच्या मालकीणबाई आतून ओरडल्या, "बोल्ट!"

"पळाली ते कळलंय हो. आत आहे का?"

"अरे पोरा, दाराला बोल्ट लावलाय म्हणतेय! ढकलू नकोस, बिजागरी जुनी आहे."

"आणि ती काय करतेय?"

"तीही बोल्टच करतेय."

आमच्या जुन्या चक्कीवाल्यांत पीठ चाळण्यालाही बोल्टच म्हणत. हे मला तेव्हा कुठं माहीत? मला वाटलं, बाई माझी थट्टा करताहेत.

मग फटीतून हॅरिएटचा आवाज आला. "आल्बन, तू वाईट नाहीस रे. पण आपलं लग्न तुझ्या आणि माझ्या बाबांनी ठरवलं. शेताला शेत लागून आहे म्हणून."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"सगळे जेवायला बसले होते. नाही कसं म्हणणार?"

"आता?"

"आता म्हणतेय, नाही."

मला रडू येत होतं, आणि खरं सांगू, जरा हलकंही वाटत होतं. चर्चमध्ये जाऊन मी सांगितलं, "लग्न नाही. जेवण आहे."

तिच्या वडिलांनी मात्र सगळ्यांदेखत बजावलं, "त्या चक्कीत कुणी दाणा टाकायचा नाही!" त्यांचा दराराच तसा होता, गाव घाबरलं. चक्कीचं चाक थांबलं. दळण नाही तर गार्बटबाई तिला ठेवणार कशाच्या जोरावर? माघारी घरी जाण्यावाचून पोरीला गत्यंतरच उरलं नसतं.

त्याच आठवड्यात मी गाडीत गहू भरून चक्कीवर गेलो. फार मोठं मन वगैरे समजू नका. दुसरी चक्की डोंगरापलीकडे होती. पण खुद्द नवरदेवच दळायला निघालेला पाहून लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले. आता मी चिडलो नाही, तर तिच्या वडिलांनी कशाला चिडायचं?

हॅरिएट बाहेर आली, अंगभर पीठ. तिनं पोत्यात हात घातला, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "ओला आहे. वाळवून आण."

मंडळी, एका आठवड्यात त्या बाईनं मला दोनदा परत पाठवलं! कुंपणाशी असा हशा पिकला, की लोकांची भीती तिथंच गेली. दुसऱ्या दिवशी मी वाळवलेला गहू घेऊन पोचलो, तर माझ्यापुढे रांग होती.

हॅरिएटबाई, तुमच्या पिठावर आमची घरं वाढली. गावातर्फे मनापासून आभार. चहा गार होतोय, म्हणून थांबतो. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.