कुकर उतरवूनच आले आहे

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे गवई, वादक आणि पाहुणे मंडळी, समोर बसलेल्या बायांनो, बाबांनो, पोरीबाळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला उभं केलंत खरं, पण थांबवायला कुणाला ठेवलंय का? नाहीतर गाणं राहील बाजूलाच.

मी ह्या सभागृहाच्या मागच्या घरातली. माडीवर माझं स्वयंपाकघर, मध्ये एवढासा बोळ, आणि समोर तुमच्या रंगमंचाची खिडकी. तिकीट न काढता इतकं गाणं ऐकलेली बाई दुसरी दाखवा बरं! आमच्या ह्यांची खाटही तिथेच, खिडकीशी. अंथरुणाला खिळले, बोलणं गेलं, पण गाणं लागलं की खाटेच्या लोखंडी दांड्यावर बोटानं ताल धरायचे.

मग पूर आला. खुर्च्या तरंगल्या, पडदे चिखलात लोळले. दोन तंबोरे तेवढे तुमच्या माणसांनी डोक्यावरून माझ्याकडे आणले. ठेवू कुठे? ठेवले ह्यांच्या खाटेवर, एक इकडे, एक तिकडे. म्हटलं, "घ्या! जन्मात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना गोड गळ्याच्या!" हसले हो. पण पुढे सभागृह मुकं झालं आणि ह्यांचं बोटही थांबलं. खिडकीकडे बघायचे नि मान फिरवायचे.

दुरुस्ती निघाली. एकदा बघते तर काय, मिस्त्री त्या खिडकीत विटा रचतोय! "अरे बाबा, हे काय?"

"आजी, वरून सांगितलंय. बाहेरचा आवाज आत नको."

बाहेरचा आवाज म्हणजे कोण? तर माझा कुकर! गवयांनी डोळे मिटून सूर लावावा आणि माझी शिट्टी व्हावी. खोटं कशाला बोलू, व्हायचं तसं.

ओल्या हातांनी तशीच अध्यक्षसाहेबांकडे गेले. म्हणाले, "आजी, नियम आहे." म्हटलं, "असू दे. आधी घरी चहाला चला." आले बिचारे. खाटेशी बसले. तेवढ्यात इकडे रंगमंचावर, आवाज कसा घुमतो ते बघायला, तबलजींनी तबला लावायला घेतला. ठाकठूक, मग एक थाप. आणि ह्यांचं बोट दांड्यावर... टिक. थांबलं. पुन्हा टिक.

साहेबांचा कप हातातच राहिला. खिडकीतूनच ओरडले, "मिस्त्री, काढा त्या विटा!" मग हळूच मला म्हणतात, "पण आजी, कुकर?"

"गाणं असलं की आम्ही गार जेवू," म्हटलं.

आज तुम्ही फुलं दिलीत, पुढची खुर्ची दिलीत. तंबोरे सांभाळले म्हणून सत्कार म्हणे! अहो, त्यांनीच आम्हाला सांभाळलं. सगळ्यांचे उपकार आहेत. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला, आणि मागच्या शिट्ट्याही त्यातच घाला.

आता जरा सगळे गप्प बसा. तबलजी, एक थाप द्या बरं.

ऐकलंत? तिकडून, खिडकीतून?

आमचे हे म्हणताहेत, सुरू करा.